कोटाच्या खिशातला कापूस

मास्तरांच्या कोटाच्या डाव्या खिशात नेहमी कापूस असे आणि उजव्या खिशात दोन टोकांचा एक पोलादी काटा. काटा गुडघ्यावर आपटला की त्यातून एकच सूर निघे. तो विरायच्या आत मास्तर काट्याचे बूड समोरच्या मुलाच्या कपाळाला टेकवत आणि म्हणत, "कळलं? हा तुझा सा. हरवू नकोस." कापूस त्यांच्या स्वतःच्या कानांसाठी होता. शहाद्याच्या रस्त्यावर कापसातली सरकी काढायचा जिनिंगचा कारखाना होता. त्याचा भोंगा व्हायची वेळ झाली की मास्तर शिकवता शिकवता थांबत, दोन्ही कानांत कापूस घालत आणि डोळे मिटून उभे राहत. भोंगा अर्ध्या सुराने उतरलेला आहे, असे त्यांचे म्हणणे होते. जिनच्या मॅनेजरला भेटून त्यांनी ते सांगितलेही होते.

"मॅनेजर म्हणाला, भोंगा मजुरांसाठी आहे. मी म्हणालो, मजुरांना कान नसतात का?"

मी आता कॉलेजात शिकतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी शाळेतही गेलेले नाही. माणसाविषयी लिहायचे तर कुठून सुरुवात करावी हे मला अजून नीट समजत नाही, म्हणून खिशापासून केली. चुकले असेल कदाचित.

आमची शाळा मिशनची होती, म्हसावदच्या अलीकडे, आणि तिच्यालगत बोर्डिंग होते. मी धडगावच्या वरच्या डोंगरातला. माझा बाप देव मानतो ते डोंगराचे, धान्याचे, वाघाचे. मिशनचा देव त्याने कधी मानला नाही आणि त्याची निंदाही केली नाही. मुलाला दोन वेळा जेवण आणि अक्षर मिळते म्हणून त्याने मला खाली आणून सोडले. मास्तर नगरकडचे, जन्माने ख्रिस्ती. ते गणित शिकवत आणि रोज संध्याकाळी आमच्याकडून गाऊन घेत. लग्न केले नव्हते. विचारले तर म्हणत, "घरात दोन आवाज झाले की जुळवावे लागतात."

आमची नावे ते कधी घेत नसत. ज्यांचे आवाज पातळ ते 'वरचे', ज्यांचे फुटून जाड झाले ते 'खालचे', आणि त्यांतही पहिला, दुसरा, तिसरा. मी 'खालचा दुसरा' होतो. हजेरीसुद्धा ते तशीच घेत. एकदा माझा बाप डोंगर उतरून मला भेटायला आला आणि माझे नाव घेऊन त्याने विचारले. मास्तर म्हणाले, "या नावाचा कोणी इथं नाही." मी त्यांच्या मागेच उभा होतो. बापाने माझ्याकडे बोट केले, तेव्हा मास्तर वळले आणि म्हणाले, "हा? हा तर खालचा दुसरा." बापाला मराठी फारशी येत नव्हती. मला शाळेत एवढा मोठा हुद्दा मिळाला याचा त्याला आनंद झाला, असे मला वाटते.

मास्तरांची मोठी हौस एकच होती. दोनशे वर्षांपूर्वी जर्मन मुलखातल्या कुणा चर्चच्या वादकाने एक मोठी स्तुती रचली होती. तिच्यात चार थरांचे गायन, तंतुवाद्ये, पितळी बाजे आणि नगारे होते. तिची छापील प्रत मास्तरांकडे होती. ती आमच्याकडून, सगळ्या वाद्यांसह, ईस्टरच्या दिवशी म्हणवून घ्यायची असे त्यांनी ठरवले होते. शब्द त्यांनी मराठीत आणले. शब्द फार थोडे होते. एकच ओळ वरचे सुरू करत, मग तीच आम्ही, मग पुन्हा वरचे, आणि सगळे एकमेकांच्या मागे असे धावत की शेवटी कोण पुढे आणि कोण मागे ते आम्हालाही समजत नसे.

मिशनचे मोठे साहेब या खटाटोपाला राजी नव्हते. डोंगरातल्या मुलांनी सोपी भजने म्हणावीत, असे त्यांचे मत होते. बऱ्याच विनवण्यांनंतर त्यांनी होकार दिला, पण अट घातली. ईस्टरला मिशनच्या दुसऱ्या ठाण्यांवरून पाहुणे येणार होते. त्यांच्यासमोर गायन शिस्तीत झाले तर गायनमंडळ राहील. नाही तर ते मोडेल आणि मंडळाला सूर देणारी शाळेची पायपेटी धुळ्याला जाईल, कारण तिथले मिशनचे लोक ती बरेच दिवस मागत होते. साहेब पुस्तकी मराठी बोलत. "मास्तर, गांभीर्य पाहिजे. गांभीर्य नसेल तर पेटी जाईल."

त्या दिवसापासून मास्तर पायपेटीवर धूळ बसू देत नसत. सदऱ्याच्या बाहीने पुसत.

एवढे सगळे ते कशासाठी करत होते हे त्यांनी आम्हाला एकदाच सांगितले. तरुणपणी ते मुंबईत काही महिने होते. तिथे एका मोठ्या चर्चमध्ये गोऱ्या लोकांनी हीच रचना म्हटली. आत जायला मास्तरांना परवानगी नव्हती. ते बाहेर रस्त्यावर, खिडकीखाली उभे राहिले.

"शेवट जवळ आला ना, की सगळं एकदम थांबतं," ते म्हणाले. "गाणं, बाजे, नगारे, सगळं. चार मात्रा. काही नाही. आणि मग शेवटची ओळ. ती मिळावी म्हणून बाकी सगळं आहे."

"मग कशी होती मास्तर, ती शांतता?" वरच्या पहिल्याने विचारले.

"नेमका त्याच वेळी व्हिक्टोरियावाला ओरडला. 'बाजू हो बे!' त्याच्या घोड्यापुढे म्हैस आली होती." मास्तरांनी काटा खिशात ठेवला. "म्हणजे मी ती ऐकलेलीच नाही. कागदावर पाहिली आहे फक्त."

आम्ही हसलो. ते हसले नाहीत.

तेव्हापासून तालमीत गाण्यापेक्षा थांबण्याचा सराव जास्त होऊ लागला. ते हात उंच उचलत आणि आम्ही सगळे जागच्या जागी बंद. कोणी नाक ओढले की पुन्हा पहिल्यापासून. "गाणं काय, कुणालाही येतं. थांबणं शिका," हे वाक्य आम्ही इतके ऐकले की जेवणाच्या पंगतीत वाढणाऱ्याला मुले हात उंच करून तेच म्हणत.

नगारे कुठून आणायचे हा प्रश्न होता. बोर्डिंगच्या स्वयंपाकघरात तांब्याचे दोन मोठे हंडे होते. मास्तरांनी ते उचलून आणले आणि त्यांच्यावर चामडे ताणून बसवले. आवाज चांगला निघे, पण मार्चच्या उन्हात चामडे तापले की सूर चढे. सकाळी एक, दुपारी दुसरा. मास्तर ओल्या फडक्याने हंड्यांची तोंडे पुसत बसायचे, तापकरी माणसाच्या कपाळावर पट्टी ठेवतात तसे. स्वयंपाकाच्या मावशी नंदुरबारकडच्या होत्या. त्या रोज दारात येऊन विचारत, "मास्तर, आज भात कशामा रांधू? तुम्हना ढोलमा?"

"थोडे दिवस, मावशी."

"थोडा दिन! पोऱ्या उपाशी ऱ्हातीन ते गातीन कसा?"

मास्तरांनी यावर खरोखर विचार केला आणि म्हणाले, "उपाशी मुलांचा वरचा सूर स्वच्छ लागतो." त्या दिवशी मावशींनी त्यांना आमटी वाढली नाही.

पितळी बाजे लग्नाच्या बेंडचे होते. बेंडचे म्होरके स्वतः क्लॅरनेट वाजवत, त्यांना सगळे काका म्हणत. मास्तर त्यांना एकेक स्वर गाऊन शिकवत. काकांनी सगळे पटकन उचलले, पण त्यांना या रचनेचा हेतू समजत नव्हता. एके दिवशी क्लॅरनेट मांडीवर ठेवून ते म्हणाले, "मास्तर, एक इचारू का? तुम्हना देवले ऐकाले येत नही का? तेच तेच कितलं सांगतस!"

"देवाला येतं काका. आपल्याला ऐकू यायला वेळ लागतो."

हे काकांना पटले. पण थांबण्याची जागा आली की अडे. आम्ही सगळे थांबत असू आणि बेंड पुढे वाजत राही. मास्तर रागावले तेव्हा काकांनी स्वच्छ सांगितले, "नवरदेव घोडावर शे तवलग आम्हना बाजा थांबत नही. मझारमा बाजा थांबना ते लोके म्हणतीन, कोणी मरी गया का? अपशकुन शे मास्तर."

"इथं नवरदेव नाही काका."

"आनि घोडा?"

"घोडाही नाही."

काका विचारात पडले, पण सवय जाईना. त्यांच्या माणसांची बोटे आपोआप चालत. आठवडाभर मास्तरांनी डोके लढवले आणि एक युक्ती काढली. त्या जागी बेंडच्या सगळ्या माणसांनी देवाच्या मानासाठी डोक्यावरची टोपी काढायची आणि खाली वाकायचे. टोपी काढायला हात लागतो, म्हणजे वाजवायला हात उरत नाही. ही युक्ती लागू पडली. शेवटच्या ओळीला आम्ही आधी सुरुवात करायची आणि टोप्या डोक्यावर गेल्या की बेंडने मागून यायचे, असे ठरले. पहिल्यांदा हे जमले त्या संध्याकाळी मास्तरांनी काकांना आपल्या हाताने चहा करून दिला. चहा फार वाईट होता.

ईस्टरच्या आठवड्यात ते एखाद्या पहारेकऱ्यासारखे फिरत होते. जिनच्या मॅनेजरला भेटून त्यांनी भोंगा थोडा उशिरा करायचे कबूल करून घेतले. हे त्यांनी कसे साधले ते मला माहीत नाही. मॅनेजर म्हणाला म्हणे, "मास्तर, भोंगा उशिरा करतो, पण पुन्हा त्याचा सूर काढू नका." ईस्टरच्या दिवशी कुंभाराची गाढवे त्यांनी दुपारीच नदीकडे हाकली. मांडवासाठी कापड आणि पाहुण्यांसाठी बैलगाड्या गावातल्या गुजर पाटलांनी दिल्या होत्या. गाड्या आल्या तेव्हा मास्तर फाटकात उभे होते. एकेका बैलाजवळ जाऊन त्यांनी खिशातला कापूस काढला आणि त्याच्या गळ्यातल्या घंटेत कोंबला. पाटील गाडीवरून बघत होते.

"मास्तर, माझ्याही तोंडात घालता का थोडा?"

"तुमच्यावर विश्वास आहे," मास्तर म्हणाले आणि पुढच्या बैलाकडे गेले.

डोंगरातले आईबाप त्या दिवशी बरेच आले होते. होळी नुकतीच होऊन गेली होती आणि मजुरीवर खाली जायला थोडे दिवस होते, म्हणून अनेकांना सवड मिळाली. माझा बापही आला. फेटा नवा होता. खुर्च्यांवर साहेब आणि पाहुणे, त्यांच्यामागे शाळेची माणसे, आणि मागच्या बाजूला जमिनीवर आमची माणसे. मास्तर आमच्याकडे तोंड करून, लोकांकडे पाठ करून उभे राहिले. कोट कडक इस्त्रीचा होता. डावा खिसा आता रिकामा होता.

गायन चांगले झाले. मला त्यातले फार कळते असे नाही, पण आत उभे असणाऱ्याला कळते. वरच्यांचा सूर हलला नाही. हंडे वेळेवर बोलले. तंतुवाद्यांच्या जागी साहेबांच्या मडमबाई पुढे बसून फिडल वाजवत होत्या. त्यांनी मध्येच एकदा मास्तरांकडे पाहिले, ते कौतुकाने होते. साहेब मांडीवर हात ठेवून स्थिर बसले होते. मला वाटले, पेटी राहिली.

शेवट जवळ आला. ओळी एकमेकींच्या मागे धावू लागल्या, बाजे चढले, आणि मास्तरांचा हात वर गेला.

सगळे थांबले. बेंडच्या माणसांनी टोप्या काढल्या आणि वाकले. भोंगा नाही, गाढव नाही, घंटा नाही. मास्तरांनी डोळे मिटले होते, ते मला समोरून दिसत होते. एक मात्रा गेली. दुसरी गेली असावी.

आणि मागून माझ्या बापाने हाळी दिली.

ती होळीची हाळी होती. आमच्याकडे ती छातीतून निघते, वर चढते आणि शेवटाला तुटते. एकट्याचीच होती सुरुवातीला. मग त्याच्या बाजूचे दोघे, मग सगळी मागची रांग, बायकासुद्धा, आणि बायकांचा आवाज सगळ्यांत वर. मांडवाचे कापड हलल्यासारखे वाटले. खुर्च्यांवरची माणसे एकदम वळून पाहू लागली.

मास्तरांचे डोळे उघडले. त्यांचा हात वरच होता. मला वाटले आता तो खाली येईल, आणि मग काय होईल ते सांगता येत नव्हते. पण त्यांनी हात तसाच ठेवला. मान थोडी तिरपी केली, आमचे सूर तपासताना करत तशी. हाळी चढली, टिकली आणि तुटली. तिचा शेवटचा तुकडाही विरला. मग त्यांनी हात खाली आणला आणि आम्ही शेवटची ओळ म्हटली. टोप्या एव्हाना सगळ्यांच्या डोक्यावर पोहोचल्या होत्या, त्यामुळे त्या दिवशी बेंड पहिल्यांदाच आमच्याबरोबर सुरू झाले.

साहेब मोठ्याने बोलले नाहीत. पाहुणे गेल्यावर त्यांनी मास्तरांना बोलावले. मी खुर्च्या उचलत होतो, मला ऐकू आले.

"मास्तर, गायन उत्तम होते. परंतु हे उपासनेचे स्थान आहे, जत्रा नव्हे. आपण शब्द दिला होता."

"होय साहेब."

"आपण हात खाली करून ते थांबवू शकत होता."

मास्तरांनी बाहीने पायपेटीवरची धूळ पुसली. साहेब थोडे वाट पाहून निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पायपेटी गोणपाटात गुंडाळून पाटलांच्या गाडीत चढवली. मास्तरांनी स्वतः दोऱ्या आवळल्या. मग ते माझ्याकडे आले. "खालच्या दुसऱ्या, तुझा बाप गेला का?"

बाप चिंचेखाली भाकरी बांधत होता. मास्तर त्याच्यासमोर जमिनीवरच बसले. मी मध्ये. मला दोन्ही बोली येत होत्या, पण त्या सकाळी दोन्ही नीट येत नव्हत्या.

"विचार त्याला, तू का ओरडलास."

मी विचारले. बापाला प्रश्नाचे आश्चर्य वाटले. आमच्याकडे लग्नात आणि होळीत दोन बाजू समोरासमोर उभ्या राहतात. एक बाजू गाते, थांबते, पुढचा माणूस हात वर करतो, आणि मग दुसऱ्या बाजूने उत्तर द्यायचे असते. उत्तर दिले नाही तर गाणाऱ्याला दारातून उपाशी घालवल्यासारखे होते. हे मलाही लहानपणापासून ठाऊक होते, पण शाळेच्या आवारात ते कधी डोक्यात आले नव्हते. बाप म्हणाला तसे मी मास्तरांना सांगत गेलो.

"तो म्हणतो, तुम्ही इतका वेळ गायलात. मग थांबलात. तुमचा हात वर गेला. बाजावाल्यांनी टोप्या काढून आम्हाला रामराम केला."

टोप्यांचे ऐकून मास्तर किंचित हलले.

"तो म्हणतो, आम्ही वाट पाहिली. पुढे मोठी माणसं बसली होती, आधी त्यांचा मान. पण ती काही बोलेनात. तुम्ही हात वर करून तसेच उभे. तुम्हाला तसं उभं ठेवायचं कसं?"

बापाने भाकरीची गाठ मारली.

"विचार, आम्ही नंतर पुढं गायलो, तेव्हा त्याला काय वाटलं?"

बाप उठता उठता म्हणाला, आणि मी सांगितले, "तुम्ही आमचं उत्तर घेतलंत, असं वाटलं."

मास्तरांनी त्याला निरोप द्यायला हात जोडले. बाप डोंगराच्या रस्त्याला लागला.

गायनमंडळ परत झाले नाही. मास्तर नुसते गणित शिकवू लागले. हंडे स्वयंपाकघरात गेले, भात मोठ्या भांड्यात शिजू लागला. कापूस आणि काटा खिशात राहिले, कारण भोंगा तसाच होता. आम्हाला ते खालचे आणि वरचेच म्हणत राहिले. नवी मुले आली त्यांना या नावांचा अर्थ समजत नसे.

गेल्या हिवाळ्यात मी जिथे शिकतो त्या शहरातल्या एका मोठ्या चर्चमध्ये ही रचना होणार असल्याचे कळले. मी गेलो. आत बसायला मिळाले. गायक पन्नासहून जास्त असतील, व्हायोलिने कितीतरी, आणि खरे नगारे. माझ्या थरातली ओळ आली की माझे ओठ हलत. शेवटाला त्यांच्या म्होरक्याचा हात वर गेला आणि सगळे थांबले. कोणी खोकले नाही. बाहेर रस्ता होता, पण रस्त्यावरूनही काही आले नाही. मास्तरांनी कागदावर पाहिली होती ती शांतता हीच, हे मला समजले, आणि ते इथे हवे होते असे वाटले.

सुटीत गावी जाताना मी मुद्दाम शाळेत उतरलो. मास्तर मुलांच्या पाट्या तपासत होते. थकले होते. मी कॉलेजाची हकीकत सांगितली आणि मग चर्चमधल्या त्या गायनाची. त्यांनी पाटी खाली ठेवली.

"थांबले का ते?"

"थांबले."

"पूर्ण?"

"पूर्ण, मास्तर. काहीही आवाज नाही. चारही मात्रा."

त्यांनी मान तिरपी केली, जणू अजून काही ऐकू यायचे आहे.

"मग?"

"मग त्यांनी शेवटची ओळ म्हटली."

मास्तरांनी माझ्याकडे पाहिले. थोडे चकित होऊन, थोडे त्या लोकांविषयी वाईट वाटून.

"उत्तर न घेताच?" ते म्हणाले, आणि त्यांनी पुढची पाटी उचलली.